पालीच्या धुक्यातला गोल

मुबारकनं फुटबॉलचा एकही सामना कधी पाहिला नव्हता. तरीही भोरमध्ये फुटबॉल आपल्याइतका कुणाला कळत नाही असं त्याला वाटायचं, आणि ते अगदीच खोटं नव्हतं.

सामने रविवारी व्हायचे. आणि रविवारी मटणाचं दुकान टाकून मटणवाल्यानं जायचं कुठं? बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत त्याचं निळ्या दरवाजाचं दुकान होतं. रविवारी सकाळी सहापासून तिथं पिशव्या घेऊन माणसं उभी असायची, ती दुपारी एकपर्यंत हटायची नाहीत. सोमवारी मात्र गल्लीत कुत्रंही फिरकत नसे. त्या सोमवारी, दहाच्या सुमाराला, उत्रोलीचे नाना सायकल भिंतीला लावून आत यायचे, बाकड्यावर बसायचे, टोपी काढून गुडघ्यावर ठेवायचे आणि आदल्या दिवशीचा सामना सांगायचे. गेली तीस वर्षं.

नाना शाळेत ड्रिल मास्तर होते. निवृत्त होऊन त्यांना दहा वर्षं झाली होती. तरुणपणी खडकीला मामाकडं राहताना त्यांना फुटबॉलचं वेड लागलं, आणि क्रिकेट-कबड्डीच्या या मुलखात येऊन त्यांनी फुटबॉलचा संघ काढला. संघाचं नाव नीराकाठ. संघात कुणी ना कुणी नेहमी नवं यायचं, जुनं जायचं, पण एक गोष्ट टिकून होती. संघ हरायचा.

"गोरख डाव्या अंगानं निघाला," नाना सांगायचे. "अन् असा निघाला मुबारक, जसं भाटघरच्या पाण्यावरनं बगळं निघतंय. पंख हालल्यालं दिसत न्हाईत, पण बगळं आपलं पुढं, पुढं. दोघं आडवं आलं. ह्यानं बॉल नुसता थांबवला. थांबवला म्हंजे काय, बॉलला म्हनला, बाळा, जरा बस. ती दोघं गेली पुढं निघून, आपल्याच जोरात. मग ह्यो परत निघाला."

मुबारकचा सुरा कानशीवर थांबलेला असायचा. "मग?"

"मग काय. पायातनं बॉल निसटला, त्यांनी तिकडं जाऊन गोल मारला."

शेवट असा एका वाक्यात व्हायचा. पण त्याच्या आधी नाना अर्धा-पाऊण तास त्याला कुठंतरी घेऊन गेलेले असायचे. त्या सांगण्यातून मुबारकच्या डोक्यात एक मैदान तयार झालं होतं. तिथं कायम कोवळं ऊन असायचं. गवत ओलं असायचं. उंच, सडपातळ, पांढऱ्या कपड्यातली माणसं आवाज न करता इकडून तिकडं धावायची. दुपारी जेवून तो दुकानातच बाकड्यावर आडवा व्हायचा, पंख्याखाली डोळे मिटायचा आणि त्या मैदानाच्या कडेला जाऊन उभा राहायचा. सत्तावन्न वर्षांच्या माणसाला झोपेत जायला अशी एक जागा असणं बरं असतं.

रविवारी मात्र स्वप्नाला सवड नसे.

"मुबारकभाई, मागच्या खेपंला नळी न्हवती," अंगणवाडीच्या रत्नाताई दर रविवारी म्हणायच्या.

"ताई, बोकडाला पाय चार. अन् नळी मागणारी माणसं साठ. म्या काय करू?"

"मग पहिल्या नंबरला आलं तरी न्हाई कशी मिळत?"

"तुमी पहिल्या कधी आला?"

मागून कुणी चरबी जास्त लागली म्हणून कुरकुरायचं, कुणाला खिमा बारीक हवा असायचा, कुणाला जाड. त्यात एखादा संघावर घसरायचा. यंदा तर तोंड दाखवायला जागा नव्हती. दोन वर्षांत एक सामना जिंकला नव्हता, आणि या हंगामात पाच सामन्यांत एक गोलसुद्धा झाला नव्हता.

"त्या नीराकाठला आमची सासू पण गोल घालील," एकदा कुणीतरी म्हणालं. सगळी रांग हसली.

मुबारकनं सुरा लाकडावर आपटला. "गोरखला खेळताना बघितलंय का कधी तुमी?"

"तुमी बघितलंय का?" रत्नाताईंनी सहज विचारलं.

त्यानं खाली मान घालून त्यांच्या पिशवीत एक नळी जास्त टाकली. घरी जाईपर्यंत तो प्रश्न त्याच्या पायात खड्यासारखा टोचत राहिला.

डिसेंबरातल्या एका सोमवारी नाना आले नाहीत. मंगळवारीही नाहीत. मग कुणाकडून तरी कळलं, की पुण्याला नेऊन त्यांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन केलंय. मुबारकनं चार पाये भाजून, तोडून, स्वच्छ बांधून घेतले आणि स्कूटर काढून उत्रोलीला गेला. भात निघून गेलं होतं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना खाचरं मोकळी पडली होती, आणि खळ्यावरच्या पेंढ्याचा गोडसर वास सगळ्या वाटेवर भरून राहिला होता.

नाना ओट्यावर खुर्चीत बसले होते. डोळ्यावर काळा चष्मा, चष्म्याआड हिरवी पट्टी. शेजारी पारूबाई, त्यांची बायको, मांडीवर घड्याळ घेऊन बसली होती. दिवसातून सहा वेळा थेंब घालायचे होते आणि त्यातला एकही ती चुकू देणार नव्हती.

"महिनाभर खाली वाकायचं न्हाई, धुळीत जायचं न्हाई, गाडीत धक्कं खायचं न्हाईत," पारूबाई म्हणाली. "ह्यांना बांधून घातल्यालं बरं."

"रविवारी पालीला सामना हाय," नाना म्हणाले.

"व्हय."

"तू जा."

मुबारकला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "म्या? नाना, रविवारी? दुकान?"

"एक रविवार."

"संघातलीच माणसं येऊन सांगतील की तुमाला."

"ती काय सांगत्यात? 'हरलो नाना.' झालं. हरलो ते मला हितं बसूनपण ठाव हाय." नानांनी चष्मा नीट केला. "तू इतकी वर्सं ऐकलंयस. काय बघायचं ते तुला म्हाईत हाय. तू बघ अन् मला येऊन सांग."

मुबारक हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही. घरी येऊन त्यानं बायकोला, शमीमला सांगितलं. तिनं पोळी तव्यावर उलटवली आणि मगच बोलली.

"तीस वर्सं त्यांनी सांगितलं, तुमी ऐकलं. एक दिस उलटं झालं तर काय बिघडतंय?"

"लोकं काय म्हनतील?"

"म्हनतील मटण मिळालं न्हाई. एक दिस वांगी खातील."

शनिवारी संध्याकाळी त्यानं खोक्याचा पुठ्ठा फाडून त्यावर ठळक लिहिलं, 'रविवारी दुकान बंद. कारण फुटबॉल.' तो दरवाजाला अडकवला आणि दोन पावलं मागं सरून वाचला. दुसऱ्याच कुणाच्या दुकानावरचा वाटत होता.

सकाळी साडेसहाला संघाचा टेम्पो त्याच गल्लीच्या तोंडावरून निघाला. आतून मुबारकला दिसलं, पिशव्या घेतलेली तीन माणसं पुठ्ठ्यासमोर उभी राहून वाचत होती. त्यातल्या एक रत्नाताई होत्या. तो पोत्यावर आणखी खाली सरकून बसला.

टेम्पोत दहा माणसं होती. कुणी लेंग्यावर जर्सी घातलेली, कुणी शाल पांघरलेली. मोबाईल दुरुस्त करणारा शाकिर त्याला ओळखीचा होता, बाकीची बरीचशी गिऱ्हाईकंच होती. पण ज्याला बघायला तो आला होता तो दिसेना. समोर एक चाळिशीचा गृहस्थ माकडटोपी घालून केळी खात बसला होता. त्याचं पोट जर्सीतून पुढं आलं होतं आणि टेम्पोच्या प्रत्येक गचक्याला एकदा हलत होतं.

"गोरख आला न्हाई का?" मुबारकनं विचारलं.

"म्याच की चाचा," केळीवाला म्हणाला. "वळखलं न्हाईत? कंडक्टर न्हाई का म्या, स्वारगेट गाडीला? तुमाला कितींदा तिकीट फाडलंय."

"डाव्या अंगाला खेळता ते?"

"तोच."

मुबारकनं त्या पोटाकडं एकदा बघितलं आणि मग बाहेर बघत राहिला. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं. कापूरहोळ सोडल्यापासून धुकं दाटत चाललं होतं. समोरून येणाऱ्या गाड्यांचे दिवे आधी यायचे, गाड्या मागाहून. त्याला उगीचच काहीतरी हरवल्यासारखं झालं होतं. नानांनी आपल्याला फसवलं असं म्हणावं तर तेही मनाला पटेना.

नसरापूर फाट्यावर गोलकीपर चिमाजी चढायचा होता. तो कामथडीचा. चिमाजी आला नाही, त्याचा फोन आला. गोरखनं फोन सगळ्यांना ऐकू येईल असा धरला.

"म्हस व्यायला आलीय," चिमाजी ओरडत होता. "रेडकू आडवं आलंय. डॉक्टर निघाल्यात. म्या हलू शकत न्हाई."

"आरं, पर गोलकीला कोन?"

"मला काय इचारतो? हितं माजा अर्धा हात म्हशीत हाय!"

फोन बंद झाला. दहा जणांत खेळता आलं असतं, पण गोलकीपरशिवाय खेळायचं म्हणजे दार उघडं टाकून गावाला जाण्यासारखं. मग एकेक करून सगळ्यांच्या नजरा मुबारककडं वळल्या.

"न्हाई," मुबारक म्हणाला.

"चाचा, तुमी रोज अख्खं बोकड उचलून आकड्याला लावता," गोरख म्हणाला. "तुमच्या हातांसारखं हात हितं कुणाचं हायेत? नुसतं उभं ऱ्हावा. गोलकीला पळायचं नसतंय."

"म्या बघाया आलोय. नानांना सांगायचंय मला."

"गोलकीतनंच सगळ्यात चांगलं दिसतं," शाकिर म्हणाला. तो हे इतक्या गंभीर चेहऱ्यानं म्हणाला, की मुबारकला ते खरं वाटलं.

पालीला पोचले तेव्हा आठ वाजले होते आणि गाव दिसत नव्हतं. भाताच्या तीन खाचरांचे बांध काढून मैदान केलं होतं. गोलाला बांबू होते आणि त्यांना मासे धरायची जुनी जाळी बांधली होती. कापलेल्या भाताचे खुंट पायाला टोचायचे. वर कुठंतरी राजगड होता. क्षणभर धुकं फाटलं तेव्हा माचीचा एक तुकडा आभाळात नुसताच लटकल्यासारखा दिसला, आणि परत मिटला.

पालीची पोरं शिट्ट्या मारत उड्या मारत होती. गडावर जाणाऱ्यांच्या पाठपिशव्या आणि पाण्याचे कॅन घेऊन ती दिवसातून दोनदा गड चढायची. दम लागणं त्यांना माहीतच नव्हतं.

मुबारकला कुणाची तरी जादा जर्सी घालायला दिली. ती छातीवर ताणली गेली. हातमोजे चिमाजीकडं होते, म्हणून हात मोकळेच. चपला जाळीच्या मागं काढून ठेवून तो दोन बांबूंच्या मध्ये उभा राहिला. पंचानं शिट्टी वाजवली आणि सगळी माणसं धुक्यात निघून गेली.

त्याला जेमतेम तीस पावलांवरचं दिसत होतं. त्याच्या पलीकडं सगळं पांढरं. त्या पांढऱ्यातून आवाज यायचे. पाय वाजायचे, कुणी नाव घेऊन हाक मारायचं, कुणी हसायचं. मग एकदम दोन-तीन आकृत्या बाहेर यायच्या, उंच आणि सडपातळ, कारण धुक्यात सगळेच उंच आणि सडपातळ दिसतात, आणि पुन्हा विरघळून जायच्या. ही जागा मुबारकच्या ओळखीची होती. पंख्याखाली बाकड्यावर डोळे मिटून तो इथंच तर यायचा. फक्त तिथं ऊन असायचं.

तेवढ्यात डाव्या बाजूनं एक आकृती आली. बॉल पायाशी. पंख हलत नव्हते, पण ती पुढं, पुढं येत होती. एक जण आडवा आला. आकृती थांबली, बॉल बसवला, तो निघून गेल्यावर पुन्हा निघाली आणि धुक्यात शिरली. पोट कुठंच दिसलं नाही.

"या अल्ला," मुबारक मोठ्यानं म्हणाला. "गोरख!"

तो तिकडंच बघत राहिला, आणि समोरच्या धुक्यातून बॉल सूं करत त्याच्या कानाजवळून जाळीत गेला.

दुसरा गोल पायांच्या मधून गेला. तिसरा गेला तेव्हा तो बरोबर त्या बाजूला पडला होता, फक्त बॉल जाऊन थोडा वेळ झाला होता. मध्यंतरात कुणी त्याला बोल लावला नाही. सगळ्यांनी गूळ खाल्ला, लिंबाच्या फोडी चोखल्या. हरण्याची सवय असलेली माणसं एकमेकांशी फार नीट वागतात, हे त्याला तेव्हा दिसलं. नानांनी हे कधी सांगितलं नव्हतं. कदाचित त्यांना ते सांगण्यासारखं वाटलं नसेल.

उत्तरार्धात चौथा गोल झाला. तोपर्यंत मुबारकचं बोटन् बोट गारठलं होतं. मग पालीचा एक लांबटांग्या पोरगा एकटाच धुक्यातून बाहेर आला, अगदी समोर, आणि त्यानं पाय मागं घेतला. पुढं काय झालं ते मुबारकनं ठरवून केलं नाही. आकड्यावरून धड निसटलं की हात जसे आपणहून पुढं जातात, तसे ते गेले. थाडकन आवाज झाला, आणि बॉल त्याच्या छातीशी होता.

त्यानं तो धरून ठेवला. आयुष्यात पहिल्यांदाच फुटबॉल हातात आला होता. ओला, गार, आतून गच्च. साडेचारशे ग्रॅम, त्याचा हात आपोआप म्हणाला, दहिवर धरून थोडा जास्त.

"चाचा, टाका! टाका की!"

त्यानं जिवाच्या आकांतानं हात फिरवला आणि बॉल धुक्यात भिरकावला. बॉल वर गेला आणि नाहीसा झाला. जणू कुणी वरच्या वर झेलून घेतला. मग काही आवाज आले. कुणीतरी पडलं. त्यानंतर थोडा वेळ सगळं गप्प झालं, इतकं की गडाच्या बाजूनं एक कोंबडा आरवला तोसुद्धा ऐकू आला.

आणि मग धुक्याच्या पलीकडं एकच गलका उठला.

"काय झालं?" मुबारक ओरडला. "कुणाचा? कुणाचा झाला?"

मग आकृत्या धावत आल्या आणि त्या नीराकाठच्या होत्या. शाकिर रडत होता. गोरखनं मुबारकला उचलायचा प्रयत्न केला आणि दोघंही खाचरात पडले. यंदाचा पहिला गोल झाला होता.

सामना चार-एकनं हरले. पण पालीच्या लोकांना परतीचा टेम्पो बघून वाटलं असेल, की हेच जिंकले. त्याआधी गावातल्या एका घरी सगळ्यांना तांदळाची भाकरी आणि पिठलं मिळालं. जेवताना गोल कसा झाला यावरून भांडण लागलं. शाकिर म्हणाला डोक्यानं झाला. गोरख म्हणाला मांडीला लागून गेला. पंच म्हणाला, मला जाळी हालल्याली दिसली, त्याच्यावरनं दिला. मारला कुणी ते नक्की सांगणारं एकही माणूस निघेना.

ताटं उचलेपर्यंत धुकं सरलं. राजगड सगळाच्या सगळा समोर येऊन उभा राहिला. मुबारकनं चपला आणायला म्हणून जाऊन मैदान बघितलं. तीन खाचरं, चार बांबू, दोन फाटकी जाळी. किती लहान होतं ते. तो चपला हातात घेऊन तिथंच थोडा वेळ उभा राहिला.

टेम्पोनं त्याला दुपारी उत्रोलीत सोडलं. नाना ओट्यावर वाटच बघत होते. त्यांनी पायरव ओळखला.

"बस. सांग."

मुबारकनं सांगायला सुरुवात केली. आणि त्याच्या लक्षात आलं की आपल्याला येत नाही. धुकं होतं. चिमाजी आला नाही. म्या गोलकीला हुतो. चार गोल झालं. मग आमचा एक झाला. सगळं दोन मिनिटांत संपलं.

"गोल झाला?" नाना खुर्चीत ताठ झाले. "आपला? कसा?"

"दिसला न्हाई नाना."

"दिसला न्हाई म्हंजे?"

"धुकं हुतं. म्या फकस्त बॉल टाकला. मग गलका झाला." मुबारकला इतकं ओशाळल्यासारखं झालं की डोळे भरून आले. "तुमी मला बघाया पाठवलं, अन् म्या तेवढंच बघितलं न्हाई."

नानांनी मान खुर्चीच्या पाठीवर टेकवली.

"वारं कुठनं हुतं?"

"आं?"

"बॉल टाकलास तवा. वारं कुठल्या गालाला लागत हुतं?"

मुबारकनं आठवलं. "उजव्या."

"म्हंजे बॉल डावीकडं गेला. गोरखच्या बाजूला. मग पहिला आवाज कुणाचा?"

"गोरखचाच. 'सोड, सोड' म्हनत हुता."

"सोड म्हनला? मग बॉल त्याच्यापाशी न्हवता. शाकिरनं घ्यायला उडी मारली असंल, अन् गोरख मागनं येत हुता. मग?"

"मग कुनीतरी पडलं. दाणकन."

"एक पडलं का दोन?"

"एक. पर जड."

"त्यांचा पाठचा गडी. शाकिर पडला तर आवाज होत न्हाई, त्याच्या अंगावर हाय काय! मग?"

"मग काहीच न्हाई. सगळं गप. कोंबडा आरवला एक."

"किती वेळ गप?"

मुबारकनं डोळे मिटून मोजल्यासारखं केलं. "सुऱ्याला तीनदा कानस मारावी इतका."

नानांच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरलं. "हां. आता ऐक." त्यांनी दोन्ही हात पोटावर ठेवले. "तुजा बॉल वरनं आला. शाकिरनं उडी मारली, पर गोरख म्हनला सोड, अन् त्यानं ऐकलं. पहिल्यांदा ऐकलं आयुष्यात. डोकं बाजूला घेतलं. त्यांचा गडी तेवढ्यात त्याच्यावर आला हुता, त्यो हवेतच गेला अन् आपटला. बॉल पडला गोरखच्या मांडीवर. मांडीवरनं भुईला. अन् पुढं कुनी न्हाई. नुसतं पांढरं. त्याला गोल दिसत न्हाई, गोलकीपर दिसत न्हाई, कायबी दिसत न्हाई. दुसरा असता तर घाबरून मारला असता. गोरख थांबला. बॉलला म्हनला, बाळा, बस. कोंबडा आरवला. तिकडं त्यांच्या गोलकीपरला वाटलं, बॉल गेला कुठं. त्यो एक पाऊल पुढं आला. धुक्यातनं त्याच्या पायाखाली भाताचा खुंट वाजला. गोरखला कळलं, मानूस हितं हाय, म्हंजे जागा तिथं हाय. अन् सोडला. जोरात न्हाई. पोरगं शाळेतनं घरात शिरतंय तसा गेला, उंबऱ्यावरनं, आत."

पारूबाई थेंबांची बाटली हातात धरून उभीच होती. वेळ टळून गेली होती आणि तिला ते कळलं नव्हतं. मुबारकला आता सगळं दिसत होतं. जाळीचं हालणं, गोरखच्या तोंडातली वाफ, कोंबड्याच्या आरवण्याच्या बाजूला किंचित वळलेला गोलकीपर. नाना चष्म्याखाली बोट घालायला लागले तशी पारूबाई भानावर आली.

"डोळ्याला पानी आणायचं न्हाई, डॉक्टरांनी सांगितलंय!"

"आनत न्हाई. आलंय," नाना म्हणाले.

मुबारक उठता उठता थांबला. "नाना, येक इचारू? गोरखचं पोट तुमी कधी सांगितलं न्हाईत."

"पोट?" नानांनी खरंच आठवून बघितलं. "आसंल. म्या बॉल बघतो."

पुढच्या रविवारी दुकानात भांडणच झालं. आठवडाभर वांगी खाल्लेली माणसं तावातावानं आली होती. रत्नाताईंनी आधी दहा मिनिटं झाडलं आणि मग विचारलं, "अन् गोल झाला म्हनं. कसा झाला?"

मुबारकनं सुरा बाजूला ठेवला आणि सांगितलं. रांग गल्लीच्या टोकापर्यंत गेली. मागचे ओरडत होते, पुढचे त्यांना गप बसवत होते. ज्यांना खिमा हवा होता त्यांना चाप मिळाले आणि ते घरी जाईपर्यंत कुणाच्या लक्षात आलं नाही.

हंगाम संपला तेव्हा नीराकाठ शेवटून पहिला होता. शेवटचा सामना जानेवारीत, कामथडीला. त्या रविवारी मुबारकनं पुन्हा दुकान बंद ठेवलं, आणि शमीमनं ज्याला त्याला आधीच सांगून ठेवल्यामुळं पुठ्ठा लावावा लागला नाही. नानांची पट्टी निघाली होती. दोघं बांधावर शेजारी शेजारी बसले. लख्ख ऊन होतं. चिमाजीनं गोलकीत इकडून तिकडं लोळत सहा बॉल अडवले आणि सामना शून्य-शून्यवर सुटला. नाना पूर्ण वेळ एक शब्द बोलले नाहीत. मुबारकनंही काही विचारलं नाही.

सामना संपल्यावर सगळे टेम्पोकडं गेले. नाना म्हणाले, आपण ST नं जाऊ. शेजारच्या रानात हरभरा घाट्यांवर आला होता. राखणीला बसलेल्या म्हातारीनं दोन डहाळे उपटून दिले आणि म्हणाली, खावा, पर बांध तुडवू नगा.

हातात घेतल्यावर नानांनी डहाळा डोळ्यांपासून लांब धरला, मग जवळ आणला.

"मुबारक, ह्यो इतका हिरवा असतोय?"

"असतोय की."

"मला कुनी सांगितलं न्हाई."

ते घाटे सोलत बसले. बोटं आंबट झाली. लांब वळणावर ST चा लाल ठिपका दिसला, पण मधल्या थांब्यावर तिला बराच वेळ लागणार होता.

"निम्मं मला ठेवा," नाना दुसऱ्या डहाळ्याला लागले तसा मुबारक म्हणाला.